साडूंची पाल

समस्त नातेवाईक, शेजारीपाजारी, बँडवाले, डीजेवाले आणि जिथे जिथे लग्नाची वरात निघते तिथल्या सर्व नागरिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, 'ढुमकी' या शब्दाचा अर्थ अखेर सापडला आहे. ढुमकी ही एक बाई आहे. वय पन्नाशीच्या थोडं पुढे, अंगानं भरलेली, हातात काळी छत्री, काखेत कोंबडी, आणि चेहऱ्यावर असा भाव की आत्ताच एका घरी भांडून आली आहे आणि आता दुसऱ्या घरी निघाली आहे. आजवर तुम्ही-आम्ही 'ढुमकी ढुमकी ढुम'वर नाचलो, गुडघे दुखवून घेतले, दुसऱ्या दिवशी मलम चोळलं. पण ही ढुमकी कोण, कुठली, तिला एवढ्या हाका का मारताहेत, याची चौकशी करायचं आपल्यापैकी एकालाही सुचलं नाही. ती चौकशी ज्यांनी केली ते आमचे साडू.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. राहायला चाकूरला, तिथल्याच एका आडत दुकानात दिवाणजी. मी लातूरला असतो. ते मला 'मोठे साडू' म्हणतात, जणू मधले, धाकटे, शेंडेफळ असे आणखी साडू त्यांच्या पदरी ओळीनं उभे आहेत. माझं ठाम मत आहे की गाण्याचे शब्द इतक्या जिवाचा कान करून ऐकणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात दुसरा झाला नाही. आणि गाण्याशिवाय बाकी काहीही इतकं कमी ऐकणाराही झाला नाही. मेव्हणीनं स्वयंपाकघरातून तीनदा ओरडून सांगावं, "आवो, कोथिंबीर आणा," आणि साडूंनी बाजारात जाऊन कोपऱ्यावरच्या रसवंतीत वाजणाऱ्या गाण्याचं एक कडवं पाठ करून रिकाम्या पिशवीनं परत यावं, हे त्या घरात नेहमीचंच. "कोथिंबीर सांगितली तर कडवं घेऊन येतोय हा माणूस," असं मेव्हणी म्हणते, पण आमटीत कोथिंबीर नाही म्हणून तिनं कधी आमटी कमी वाढलेली मला आठवत नाही.

तर गाण्याचा शब्द निरर्थक असतो, हे साडूंना मुळात मान्यच नाही. त्यांचं म्हणणं असं, की "एवढा गळा ताणून, दहा वाद्यं जमवून माणूस काहीतरी सांगायलाय, म्हणजे त्याच्यासमोर काहीतरी घडलंच असंल की ओ! आपल्याला दिसत न्हाई, ही आपली चूक." मग जे घडलं असेल ते साडू चित्रातून शोधून काढतात. त्यासाठी त्यांना कागद लागतो तो लग्नपत्रिकेच्या मागचा कोरा. कुंचला लागतो तो पोत्यावर मार्का मारायचा, रुंद आणि राठ. आणि शाईही तीच, कपड्यावर पडली तर कपडा फाटेल पण डाग जाणार नाही अशी काळीकुट्ट. त्या कुंचल्यानं खरं तर 'तूर' आणि 'हरभरा' एवढंच लिहिता यावं. पण साडू त्यानं चौकटी आखतात, चौकटीत माणसं उभी करतात, माणसांच्या तोंडून फुगे काढून त्यात गाण्याच्या ओळी भरतात, आणि ते पाहून चांगला शहाणा माणूस पोट धरून खाली बसतो. मी बसलेलो आहे. लातूरच्या भर बाजारात, भाजीच्या गाड्याला टेकून.

ढुमकीचा शोध नांदेडला लागला. आमच्या एका भाच्याचं लग्न होतं. वरात रंगात आली होती, नवरदेव घोडीवर, डीजेच्या गाडीच्या दणक्यानं दुकानांच्या काचा थरथरताहेत, आणि गाणं चालू होतं, 'राणी बसली डब्ब्यात, दिल माझा खड्ड्यात, ढुमकी ढुमकी ढुम!' सगळे नाचत होते. साडू मात्र रस्त्याच्या कडेला, मान वाकडी करून, कानामागे हात धरून, डॉक्टरनं छाती तपासावी तसे गाणं तपासत उभे होते. एकदम ते गर्दीत घुसले आणि डीजेच्या गाडीवर चढले.

"दादा, जरा मागं घ्या की."

"काय मागं घ्यावं? गाडी?"

"गाडी न्हाई ओ, गाणं. राणी डब्ब्यात बसली का ढाब्यात?"

डीजेवाला बिचारा वीस-बावीस वर्षांचा. तो म्हणाला, "काका, मला काय ठाव? मी निस्ता आवाज वाढवतो."

पण त्यानं गाणं थांबवलं. आणि हजार माणसांच्या वरातीत अचानक शांतता पसरली. त्या शांततेत साडूंनी तोच प्रश्न सर्वांना, खड्या आवाजात विचारला. नवरदेव घोडीवरून म्हणाला, "ढाब्यात असंल काका, डब्ब्यात कशी मावंल?" तेवढ्यात स्वागताला पुढे आलेले मुलीचे मामा कडाडले, "डब्ब्यातच हाय! मी चांगलं ऐकलंय." झालं. वधूपक्ष डब्ब्याच्या बाजूनं, वरपक्ष ढाब्याच्या. हुंड्यावरून, मानपानावरून अडलेली लग्नं मी पाहिली आहेत; राणी नक्की कशात बसली यावरून अडलेलं हे पहिलंच. तिकडे मांडवात गुरुजी घड्याळ बघून घामाघूम झाले होते. घोडीला मात्र कान मोकळे झाल्याचा आनंद इतका झाला की तिनं शेजारच्या पाहुण्याच्या गळ्यातला हार शांतपणे खाऊन टाकला. "कोण हाय हा माणूस?" असं मुलीच्या वडिलांनी मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "माझ्या बायकोच्या बहिणीच्या सासूचा मुलगा." नातं जितकं लांबवता येईल तितकं लांबवलं.

दुसऱ्या दिवशी त्याच लग्नाच्या पत्रिकेमागे चार चौकटी तयार होत्या. पहिलीत राणी, मुकुटासकट, जेवणाच्या डब्याच्या खालच्या पुडात बसलेली. वरच्या पुडात भाजी, मधल्यात पोळ्या. दुसरीत रस्त्यावरच्या खड्ड्यात पडलेलं एक काळीज, आणि त्यावर मुरूम टाकायला आलेला ट्रॅक्टर. तिसरीत काळीज आणि राणी दोघंही जिवाच्या आकांतानं ओरडताहेत, 'ढुमकी! ढुमकी!' आणि चौथीत छत्री घेतलेली ढुमकी येते आणि म्हणते, 'ढुम!' एवढंच. पुढे मागे काही नाही. त्या 'ढुम'मध्ये असा काही करारीपणा होता, की आता राणीही निघणार आणि काळीजही निघणार याबद्दल बघणाऱ्याच्या मनात शंका राहू नये. डब्बा-ढाबा वाद तिथल्या तिथे मिटला. ते चित्र नवरा-बायकोनं काच लावून घरात टांगलंय. आहेराच्या सगळ्या भांड्यांपेक्षा तेच जास्त पुसलं जातं.

पुढे ढुमकी साडूंच्या हातात अशी बसली की ती दुकानातही गेली. सोयाबीनच्या पोत्यांवर मार्का मारता मारता एकदा हात वळला आणि एका गाडीभर पोत्यांवर छत्रीवाली बाई उमटली. मालक डोक्याला हात लावून बसला. चार दिवसांनी लातूरच्या गिरणीवाल्याचा फोन आला, "त्या बाईचा माल चांगला निघाला, आणखी बाई पाठवा." त्यानंतर मालकानं साडूंना काही बोलायचं सोडून दिलं. हमाल तर पोतं पाठीवर घेताना आजही म्हणतात, "चला ढुमकाबाई, बसा."

इथवर मी जे सांगितलं ते मी कुठल्याही लग्नात, कुठल्याही पंगतीत, हातवारे करून सांगत असतो आणि लोकांच्या टाळ्या घेतो. पुढचं मी सहसा सांगत नाही. कारण तिथे टाळ्या मिळणार नाहीत हे मला ठाऊक आहे.

आमच्या सासूबाईंना दोनच मुली, म्हणून सासरे गेल्यावर त्या चाकूरला धाकटीकडे राहायला आल्या. जावयाच्या घरी राहायचं त्यांना फार अवघड वाटे. माणूस जुन्या वळणाचा. आम्हा जावयांसमोर पदर डोक्यावरून कधी ढळला नाही, आणि आमच्याशी त्या कधी थेट बोलल्या नाहीत. बोलायच्या ते भिंतीशी. मी घरात पाऊल टाकलं की भिंतीकडे बघून म्हणत, "पाव्हण्यांना पाणी दिलं का गं?" साडूंनी उशीर केला की भिंतीला विचारत, "जावई जेवले का म्हणावं." आम्हीही उत्तर भिंतीलाच देत असू. त्या घरातल्या भिंतीनं जितका मान अनुभवला तितका गावच्या सरपंचानंही अनुभवला नसेल.

सासूबाईंचं माहेर देगलूरच्या पलीकडे, अगदी राज्याच्या हद्दीवरचं. पण माहेरचं त्या कधी काही बोलत नसत. आई-वडील लवकर गेलेले, त्यामुळे माझ्या बायकोनं आणि मेव्हणीनं आजोळ असं पाहिलंच नाही. आजोळाकडून दोघींना मिळालं ते फक्त एक गाणं. त्यांना झोपवताना सासूबाई ते म्हणत, मग दोघींनी आपापल्या लेकरांना म्हटलं: 'पालू तागू पापा, पिल्ली वच्चे पापा.' अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. लेकरं झोपत होती, तेवढ्यावर भागत होतं. साडूंना मात्र ते गाणं लग्न झाल्यापासून छळत होतं. त्यांनी एकदा भिंतीमार्फत विचारलंही होतं, "मामी, ह्यात ताग कशाला आलाय?" सासूबाई पदराआड हसल्या आणि भिंतीला म्हणाल्या, "उगंच आपलं येडं गाणं हाय म्हणावं. त्याला काय अर्थ असतोय."

मग त्या अंगणात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. लातूरला ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं. पण घरी आल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. बोलणं बंद. खाणं म्हणाल तर चमचाभर पेज, तीही ओठांवरून ओघळून उशीवर. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळतंय. पण त्यांच्या पोटात काही गेलं नाही, तर हाड जुळून काय करणार? त्यांच्या मनातच नसेल तर माझ्याकडे गोळी नाही." जाता जाता हळूच म्हणाले, "दूध तरी घेतलं पाहिजे. नाहीतर जवळच्यांना बोलावून घ्या." माझी बायको लातूरहून जी चाकूरला गेली ती तिथेच राहिली. दोघी बहिणी दुधाचा पेला घेऊन आळीपाळीनं उशाशी बसत. "माय, एक घोट घे की गं," म्हणत. माय भिंतीकडे बघत पडून.

मी म्हटलं, हे आपलं काम आहे. मी खुर्ची ओढून बसलो आणि माझ्याजवळचे सगळे हुकमी किस्से काढले. नांदेडची वरात सांगितली, घोडी झालो, डीजे झालो, गुरुजींचा घाम पुसून दाखवला. दाराशी जमलेल्या शेजारणी हसून लोळल्या. सासूबाईंनी पदर आणखी पुढे ओढला आणि डोळे मिटले. उभ्या आयुष्यात माझा खेळ इतका कधी पडला नव्हता.

साडू हे सगळं उंबऱ्यात उभं राहून बघत होते. ते म्हणाले, "मोठे साडू, तुम्ही लई झ्याक बोललाव. पण मामी तिकडं बघायल्यात आणि तुम्ही इकडून बोलायलाव." मग त्यांनी दोघी बहिणींना अंगणात नेलं आणि ते गाणं म्हणायला लावलं. इतक्या काळजीतही दोघींचं 'वच्चे' का 'बच्चे' यावरून वाजलंच. साडूंनी दोन्ही ऐकून घेतलं आणि दुकानातून कुंचला आणि शाईचा डबा घेऊन आले.

"कुठं चाललाव ते काळं घेऊन?" मेव्हणीनं विचारलं.

"भिंतीवर."

"आवो, आत्ता दिवाळीला रंग दिलाय तिला!"

"मग काय झालं? कागद कोराच असावा लागतोय."

पलंग आणि भिंत यांच्या मधल्या फटीत साडू पोट आत ओढून शिरले. पहिल्या सकाळी सासूबाईंच्या डोळ्यांसमोर, बरोब्बर नजरेच्या रेषेत, एक चौकट आली आणि चौकटीत एक पाल. साधीसुधी नव्हे, कपाळाला कुंकू, डोळ्यांत काळजी, लेकुरवाळी पाल. 'पालू' आहे म्हणजे पाल असणारच, याबद्दल साडूंना शंका नव्हती. दुसऱ्या सकाळी तीच पाल तागाच्या दोरीनं स्वतःला पाळण्यासारखं बांधून घेत होती, कारण 'तागू'. घरातली खरी पाल त्या दिवशी छतावरून खाली आली, बराच वेळ हे चित्र बघत राहिली आणि निघून गेली. तिचं मत कळलं नाही. पण माझी बायको म्हणाली, मायचे डोळे मिटलेले नव्हते, ती वर-खाली बघत होती. साडू चित्र काढताना सतत तेच गाणं गुणगुणत, आपलं काम आणि आपण, जणू पलंगावर कुणी नाहीच.

तिसऱ्या सकाळी 'पापा' आला. पापा म्हणजे गालाचा पापा, हे तर उघडच होतं. साडूंनी पालीचे ओठ असे काही पुढे काढले की पाहूनच गालाला ओलं वाटावं. आणि ती पापा घ्यायला कुणाकडे निघाली होती? चौकटीच्या दुसऱ्या टोकाला छत्री सावरत, कोंबडी घट्ट धरून, जन्मात पहिल्यांदा घाबरलेली ढुमकी! दाराशी मी, पेला धरून माझी बायको, कपाळाला आठ्या घातलेली मेव्हणी. साडू पालीच्या ओठांवर शेवटचा हात फिरवत म्हणत होते, "पालू तागू पापा..."

आणि पलंगावरून आवाज आला. बसका, पण खणखणीत. भिंतीला नव्हे, थेट जावयाला.

"पाल कुठली आणलास रे येड्या! पालू म्हंजी दूध! दूध पी, म्हणायले मी लेकराला. मांजर आलंय, पिऊन टाक!"

डोक्यावरचा पदर पार खांद्यावर आला होता, आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या हसत होत्या. हसता हसता खोकत होत्या, आणि मग रडायलाही लागल्या. नंतर हळूहळू सगळं कळलं. त्यांच्या आईची बोली तेलुगू. लहान वयात लग्न होऊन इकडे आल्या, तेव्हा त्या बोलीला सासरी सगळे हसले, नकला केल्या. मग त्यांनी ती बोली गुंडाळून ठेवली, इतकी आत, की पोटच्या पोरींनाही सापडू नये. एक गाणं तेवढं बाहेर राहिलं होतं. ते येडं आहे असं सांगून त्यांनी तेही जपलं.

त्यानंतर सासूबाई आणखी काही वर्षं होत्या. काठी टेकत अंगणात आल्या, उन्हात बसल्या. अधूनमधून आईची गाणी म्हणत, अर्थासकट, साडू ती काढत, आणि तक्रार करत की "मोठे साडू, अर्थ कळला की चित्र बिघडतंय ओ." पदर पुन्हा डोक्यावर गेला, पण साडूंशी बोलताना भिंत पुन्हा मध्ये आली नाही. मला त्या शेवटपर्यंत 'पाव्हणे' म्हणाल्या. साडूंना 'येड्या'. मला त्याचा थोडा हेवा वाटतो, नाही असं नाही. गेल्या वर्षी त्या गेल्या. मेव्हणीनं घराला रंग दिला, पण रंगाऱ्याला सांगून त्या तीन चौकटी तशाच सोडायला लावल्या. माझी बायको चाकूरला गेली की आधी त्या भिंतीसमोर जाऊन उभी राहते, आणि मी दाराबाहेर चपला काढण्यात जरा जास्त वेळ घालवतो. माझ्या बायकोला तिची माय काही वर्षं जास्त मिळाली ती या माणसामुळे. ही गोष्ट मी त्यांना तोंडावर कधी सांगू शकलो नाही. सांगायला गेलो की ते म्हणतात, "ते ऱ्हाऊ द्या, हे ऐका," आणि एखादं नवीन गाणं ऐकवतात.

पण त्या सकाळचं शेवटचं सांगायचं राहिलं. अर्थ कळला तेव्हा साडू त्या फटीत अडकलेले, हातातल्या कुंचल्यातून शाई धोतरावर टपकतेय, आणि चेहरा असा, की परीक्षेचा पेपर लिहून झाल्यावर कुणीतरी सांगावं, विषय दुसराच होता. ते एकदा पालीकडे बघत, एकदा सासूबाईंकडे. शेवटी न राहवून त्यांच्या तोंडून निघालं, "मग आता ह्या पालीचं काय करू ओ, मामी?"

सासूबाईंनी माझ्या बायकोच्या हातातला पेला ओढून घेतला, दोन घोट प्यायल्या, ओठ पुसले आणि भिंतीवरच्या त्या लेकुरवाळीकडे नीट निरखून बघत म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की. पाज तिला बी थोडं."